नशा बंद होणे आणि नशा सुटणे : तुरुंगातल्या उपचारांचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

(गोरेगाव, जि. गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुरुंग आणि दारूशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. माणसाला त्याच्या कृत्याबद्दल जबाबदार कधी धरायचं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. तो वर्गात शिकवताना सोपा वाटतो. व्यसनी कैदी समोर उभा केला की तोच प्रश्न अवघड होऊन बसतो. म्हणून आज तो इतिहासाच्या अंगाने पाहू.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. आपण म्हणतो, "त्याची दारू बंद झाली." आणि आपण म्हणतो, "त्याची दारू सुटली." बोलताना दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. बंद करणारा बाहेरचा असतो : कायदा, कुलूप, बायको, पोलीस. सुटते ती आतून, आणि तिला वेळ लागतो, औषध लागतं, माणसं लागतात. तुरुंगात नशा बंद होते, निदान व्हावी अशी अपेक्षा असते. ती सुटतेच असं नाही. गेली सव्वाशे वर्षं आपल्या कायद्याने आणि आपणही पहिल्या गोष्टीलाच दुसरी समजून चाललो आहोत. या समजुतीची किंमत कोण मोजतं, ते मला आज सांगायचं आहे.

जबाबदारीच्या प्रश्नापासून सुरुवात करू. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास ग्रीसमधल्या मिटिलिनी नगरात पिटॅकस नावाचा राज्यकर्ता होऊन गेला. त्याने कायदा केला की नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा. ॲरिस्टॉटल या कायद्याची नोंद घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शुद्ध हरपल्यावर माणसाच्या हाती काही उरत नाही हे खरं, पण शुद्ध हरपू द्यायची की नाही हे तर त्याच्या हाती होतं. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण फेकला तो आपणच. १८६० च्या भारतीय दंड संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं साधारण याच वळणाची आहेत. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने नशा दिली असेल तर सवलत, स्वतः प्यायला असाल तर नाही. नव्या न्याय संहितेतही हीच तत्त्वं २३ आणि २४ या कलमांत आली आहेत.

आता ॲरिस्टॉटलचं म्हणणं पहिल्या पेल्याला बरोबर लागू पडतं. दहा वर्षं रोज सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याच्या पेल्याला ते तितकंच लागू पडतं का? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाचीही शंका याच जातीची आहे : मनात नसताना, कोणी ढकलावं तसा माणूस वाईटाकडे का जातो? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगात माणूस आतून बदलू शकतो, याचं मराठी मनाला ठाऊक असलेलं हे मोठं उदाहरण. पण तिथे बसलेले सत्याग्रही विचार करून, ठरवून तुरुंगात गेलेले होते. त्यांच्या अनुभवावरून आपण सगळ्या कैद्यांबद्दल निष्कर्ष काढला तर चूक होईल. पाकीटमारी करून गर्दची पुडी घेणाऱ्या पोराला एकांत आणि चिंतन मिळालं की झालं, असं म्हणता येत नाही. त्याच्या शरीराचं गणित वेगळं आहे. त्या गणिताकडे मी येणारच आहे.

आधी आपला इतिहास. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. मोहफूल म्हणजे काय हे गोरेगावात सांगायची गरज नाही. एप्रिल लागला की पहाटे टोपली घेऊन जंगलात जाणारी माणसं आपल्याच घरची आहेत. त्या फुलावर, फूल म्हणून, कायदा झाला, कारण घरी गाळलेल्या दारूवर सरकारला कर मिळत नव्हता. म्हणजे त्या वेळच्या सरकारची चिंता पिणाऱ्याच्या प्रकृतीची नव्हती, महसुलाची होती. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून आक्षेप घेतला. दारूमुळे गरिबाचं घर बुडतं हे त्यांना दिसत होतं. सरकारी हिशेबात त्या घराला रकाना नव्हता.

मग १८९३ आणि १८९४ ही दोन वर्षं येतात. या दोन वर्षांत तीन गोष्टी घडल्या. १८९३ साली अफूसाठी राजेशाही आयोग नेमला गेला. त्याच साली गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी दुसरा आयोग नेमला गेला. आणि १८९४ साली तुरुंग अधिनियम झाला, जो पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या तुरुंगांचा पाया राहिला.

गांजा आयोग आपल्याला जवळचा आहे. त्या वेळी आपला हा मुलूख भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होता. मध्य प्रांतात सनदी नोकरी केलेले ए. एच. एल. फ्रेझर हे आयोगाचे एक सदस्य होते. खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत असे. आयोगाने देशभर फिरून सुमारे बाराशे साक्षी घेतल्या. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींत वेडाचं कारण म्हणून बऱ्याच ठिकाणी "गांजा" लिहिलेलं असे. आयोगाने विचारलं, हे लिहिलं कोणी? शोध घेतला तर पुष्कळदा रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून ते उतरवलेलं होतं. मग आयोगाने १८९२ सालच्या भरतीचा एकेक कागद तपासला. १,३४४ रोग्यांपैकी गांजाचा संबंध मान्य करण्याजोगे फक्त ९८ निघाले. कागदावर लिहिलेलं कारण आणि खरं कारण यांत फरक असतो, हे त्या साहेबांनी दाखवून दिलं. असे अहवाल सरकारी दप्तरात कमीच.

याच आयोगापुढे तुरुंगांच्या अधिकाऱ्यांच्याही साक्षी झाल्या. कैदी आत आला की त्याचा गांजा त्याच दिवशी बंद होतो आणि त्याला फारसं काही होत नाही, अशा अर्थाचं त्यांतले पुष्कळ जण सांगत होते. गांजापुरतं हे बरंचसं खरंही आहे. गांजा तोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, भूक जाते, पण जीव सहसा जात नाही. अडचण अशी की "आत आला, बंद केला, काही झालं नाही" हे वाक्य तुरुंगाच्या डोक्यात सरसकट बसलं तर घात होतो. तेच वाक्य दारूला लावलं तर माणूस मरू शकतो.

आता १८९४ चा तुरुंग अधिनियम. त्याच्या २४ व्या कलमात म्हटलं आहे की कैदी आला की वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासावं आणि नोंद करावी. कशाची नोंद? प्रकृती, अंगावरच्या जखमा आणि खुणा, आणि सक्तमजुरी असेल तर कुठल्या प्रतीचं काम झेपेल ते. तुम्ही रोज किती पिता, शेवटचा घोट कधी घेतला, हे विचारायला त्या कलमात वेगळी जागा नाही. उलट ४२ वं कलम तुरुंगात बंदी असलेली वस्तू नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. म्हणजे नशेबद्दल कायद्याचं लक्ष फाटकावरच्या झडतीकडे होतं. आत आलेल्या माणसाच्या रक्तात ती आधीच होती, तिकडे नव्हतं.

पुढे स्वातंत्र्य आलं. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदी कायदा केला. विदर्भाला तो १९५९ नंतर लागू झाला. त्यामागे गांधीजींची प्रेरणा होती आणि हेतू गरिबाच्या घराचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पिणं हाच गुन्हा ठरला, आणि पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कायद्यात प्रकृतीच्या कारणासाठी परवान्याचीही सोय होती. परवान्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागे, आणि ते कोणाला मिळवता येई हे तुम्हाला माहीत आहे. बंगल्यातल्या माणसाच्या पिण्यात डॉक्टर आला तो परवाना देण्यासाठी. झोपडीतल्या माणसाच्या पिण्यात पोलीस आला. मी दारूबंदीच्या विरोधात बोलत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, आणि "आडवी बाटली" करायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायांचं दुःख पुस्तकातलं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की दुकान बंद करणं हा एक उपाय आणि पिणाऱ्यावर उपचार हा दुसरा. पहिल्याने दुसऱ्याचं काम होत नाही.

१९५८ चा परिवीक्षा कायदा घ्या. चांगला कायदा आहे. लहान गुन्ह्यात न्यायालय आरोपीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, आणि नशेपासून दूर राहण्याची अट घालू शकतं. बघा, अट घालू शकतं. म्हणजे कायदा त्या माणसाकडून वचन घेतो. ज्याचा आजारच वचन न पाळता येण्याचा आहे, त्याच्याकडून वचन.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली, म्हणजे ब्राऊन शुगर. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. लोकांना तो कडक शिक्षांसाठी माहीत आहे, आणि त्या आहेतच. पण त्याच कायद्यात दोन दारं ठेवलेली आहेत. कलम ३९ म्हणतं : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर त्याच्या संमतीने न्यायालय त्याला मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी सोडू शकतं. कलम ६४अ म्हणतं : अशा गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालणार नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे १९८५ साली आपल्या कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केलं की हा माणूस रोगीही असू शकतो. पण वकिलांच्या ओठांवर जामिनाचं कलम जसं चटकन येतं, तशी ही कलमं येत नाहीत. शिवाय हा कायदा दारूला लागू नाही. आपल्या भागातला कैदी मुख्यतः दारूचा. त्याला हे दारही नाही.

याच सुमारास येरवड्यात एक गोष्ट घडत होती. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. तिथून जवळच मनोरुग्णालय. डॉ. अनिता अवचट त्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. अनिल अवचटांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ साली मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथली पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. आधी शरीरातून नशा उतरवायची, त्यासाठी डॉक्टर. मग काही आठवडे दिनक्रम, काम, गटात बोलणं. सोबत घरच्यांशी बोलणं. आणि घरी गेल्यावर पाठपुरावा. आता ही यादी तुरुंगाशी ताडून पाहा. दिनक्रम तुरुंगात आहे. काम आहे. नशेपासून अंतर आहे. नाहीत त्या तीन गोष्टी : पहिल्या दिवसाचा डॉक्टर, बोलायला गट, आणि सुटल्यावरचा पाठपुरावा. एका परिसरात दोन्ही संस्था असूनही माणूस एकीकडून दुसरीकडे आपोआप जात नाही. एक संस्था गृहखात्याची, दुसरी आरोग्याच्या बाजूची. मधली भिंत कागदाची आहे, पण ती दगडी भिंतीपेक्षा भक्कम निघते.

जगात काय झालं तेही थोडं पाहू. अमेरिकेत १९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन इथे सरकारने मोठं शेत आणि रुग्णालय असलेला तुरुंग काढला. अफू-हेरॉइनचे व्यसनी कैदी आणि स्वतःहून आलेले रोगी एकत्र. मोकळी हवा, गाईगुरं, शेतीकाम, डॉक्टर, सगळं होतं. तिथे संशोधनही मोठं झालं. पण बाहेर पडलेल्यांचा मागोवा घेतला तेव्हा बहुतेक जण पुन्हा नशेकडे गेलेले आढळले. कारण माणूस शेतावर बरा होत होता आणि राहायला मात्र जुन्याच गल्लीत जात होता. त्याच १९३५ साली शेजारच्या ओहायो राज्यात दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. १९४२ साली सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात त्यांचा गट बसू लागला. त्यांच्याकडे शेत नव्हतं, पैसा नव्हता. एक गोष्ट होती : सुटलेल्या कैद्याला बाहेरच्या गावात तसाच गट सापडत होता.

तिसरी गोष्ट औषधाची. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोल आणि नायस्वांडर या डॉक्टर दांपत्याने दाखवलं की हेरॉइनच्या व्यसनीला मेथाडोन हे औषध ठरल्या मात्रेत रोज दिलं तर तो नशेच्या शोधात धावत नाही, कामाला जाऊ शकतो. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं. हे मेंदूतल्या त्याच जागेवर बसतं जिथे हेरॉइन बसतं, पण अर्धवट काम करतं, म्हणून ओढ शमते आणि धुंदी तशी चढत नाही. आपल्या देशात दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ च्या सुमारास हे उपचार सुरू झाले. पंजाबने २०१७ पासून अशा औषधांची बाह्यरुग्ण केंद्रं काढली आणि काही तुरुंगांतही नेली. म्हणजे हे भारतात होत नाही असं कोणी म्हणू नये.

आता शरीराचं गणित. दोन काळ धोक्याचे असतात.

पहिला, अटकेनंतरचे तीन-चार दिवस. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, ओकारी येते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो : नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे दिसतात, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो. आपल्याकडे याला कोणी "बाहेरचं लागलं" म्हणतं, कोणी "सोंग करतो" म्हणतं. हा जीवघेणा प्रकार आहे, आणि त्यावरचं औषध जुनं, स्वस्त, जिल्हा रुग्णालयात असणारं आहे : डायझेपामसारखी गोळी किंवा सुई, बी-१ जीवनसत्त्व, सलाईन.

आता हे दिवस मोजा. पहिला दिवस पोलीस ठाण्याच्या कोठडीत. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे, म्हणजे दुसरा दिवस न्यायालयात. मग कोठडी सुनावली की भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात नाहीतर नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात, म्हणजे तिसरा-चौथा दिवस बराकीत. थरथर पाहिली ठाण्याच्या शिपायाने, घाम पाहिला न्यायालयाच्या पट्टेवाल्याने, भ्रम पाहिला बराकीतल्या कैद्यांनी. सलग चार दिवस त्या माणसाकडे पाहणारा एकही जण नाही. इथे कोणी दुष्ट असायची गरज नाही. जो तो आपल्या तासांपुरता बरोबर वागतो आणि माणूस मधल्या फटीत जातो.

दुसरा धोक्याचा काळ सुटकेनंतरचे दोन आठवडे. हा अफू-हेरॉइनच्या व्यसनींना सर्वात जास्त. सहा महिने नशा मिळाली नाही की शरीराची सहनशक्ती उतरते, मनातली मात्रा मात्र जुनीच राहते. सुटला, जुने सोबती भेटले, जुन्याच मापाने घेतली, आणि श्वास थांबला. २००७ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या तीस हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या जवळजवळ १३ पट होता. नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. ज्या दिवशी घरचे हार घेऊन फाटकाशी उभे असतात, त्या दिवशी हा धोका सुरू होतो. आणि उलट बाजूही पाहा. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ पासून तुरुंगात ही औषधं द्यायला आणि सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्याशी जोडून द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण अतिमात्रेने मेले होते. पुढच्या वर्षी त्याच सहा महिन्यांत ९.

दारूचं असं नाही, दारूत सुटल्यावर मरण हळू येतं. पण मार घरावर पडतो. मागे एका व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तो आत होता तवा घर शांत होतं जी. मला वाटलं सुटली त्याची. आला अन् चौथ्या दिवशी पुन्हा तसाच. मंग आत टाकून काय भेटलं?" त्यांनी तक्रार करायला किती धीर एकवटला असेल. त्यांच्या प्रश्नात मला सगळा विषय दिसतो. त्यांना नवऱ्याचा सूड नको होता, नवरा बरा होऊन हवा होता. व्यवस्थेने त्यांना काही महिन्यांची शांतता दिली आणि वर तोच माणूस परत दिला, फक्त आता तो चिडलेला, बेरोजगार आणि कैदेचा शिक्का लागलेला.

या विषयावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला : गुन्हेगारावर आमच्या पैशाने उपचार कशाला? एक लक्षात घ्या, देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. आणि सिद्ध झाला तरी शिक्षा स्वातंत्र्य काढून घेण्याची असते, औषध काढून घेण्याची नसते. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम हेच सांगतात. त्यांतला २४ वा नियम म्हणतो की कैद्याला बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाचे उपचार मिळावेत आणि ते सुटल्यावर तुटू नयेत, त्यात नशेच्या व्यसनाचे उपचारही आले. आमच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावं असं सांगितलं आहे. दारूच्या कैद्याला जे दार १९८५ ने दिलं नाही, ते थोडंसं या कायद्याने उघडलं आहे.

दुसरा आक्षेप : एक नशा सोडवायला दुसरी गोळी लावता, ही कसली मुक्ती? आक्षेप प्रामाणिक आहे. मधुमेहाला इन्सुलिन घेणाऱ्याला आपण गुलाम म्हणत नाही. तरीही या गोळ्यांचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून त्या नर्ससमोर, मोजून द्याव्या लागतात. तुरुंगात ही शिस्त बाहेरपेक्षा सोपी असायला हवी.

तिसरा आक्षेप मला, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला, सर्वात जड वाटतो : कैदेत असलेल्याची संमती खरी कशी? जामिनाचं आमिष दाखवलं की कोणीही "हो, उपचार घेतो" म्हणेल. खरं आहे. म्हणून उपचार हे बक्षीस असू नये आणि शिक्षाही असू नये. मागेल त्याला मिळावेत, नाकारेल त्याचं काही बिघडू नये. आणि पहिल्या चार दिवसांचे उपचार तर या वादातच येत नाहीत. फिट आलेल्या माणसाला कोणी संमतीपत्र मागत नाही.

यातून ॲरिस्टॉटलच्या दगडाकडे पाहिलं तर मला असं वाटतं : फेकलेल्या दगडाची जबाबदारी माणसाची राहतेच, मी ती पुसा म्हणत नाही. ज्याने बायकोला मारलं त्याने त्याचं उत्तर दिलंच पाहिजे. पण जबाबदार धरणं म्हणजे पुढच्या वेळी तो जबाबदारीने वागू शकेल अशा अवस्थेत त्याला आणणं, हेही त्यात आलं. ज्याला आपण कधी त्या अवस्थेत आणलंच नाही, त्याला पुन्हा पुन्हा जबाबदार धरत राहणं हा न्यायाचा अर्धाच भाग झाला.

मग इथे, गोरेगावात बसून आपण काय करू शकतो? मोठं काही नाही, पण चार कामं आहेत. घरचं माणूस अटकेत गेलं तर पहिल्याच दिवशी ठाण्यात आणि न्यायालयात सांगा की हा रोज इतकी पितो, शेवटची अमुक वेळी घेतली, आधी फिट आली होती का तेही सांगा. लाजू नका, हीच माहिती जीव वाचवते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अमली पदार्थांच्या पीडितांसाठी त्यांची २०१५ ची योजना आहे, कलम ३९ आणि ६४अ बद्दल त्यांनाच विचारा. मुलाकातीला जाल तेव्हा सुटकेनंतरचं बोला : कुठला दवाखाना, कोणासोबत राहणार, कामाचं काय. आणि सुटकेच्या दिवशी त्याला घरी नेण्याआधी किंवा नेल्याबरोबर दवाखान्यात दाखवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत, लिहून घ्या.

आणि हे फक्त "त्यांच्या" घरचं आहे असं समजू नका. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कुठलेतरी उपचार मिळाले होते. ही बाहेरची, मोकळ्या माणसांची गोष्ट. आपण सगळे खिशात खर्ऱ्याची पुडी घेऊन दुसऱ्याच्या व्यसनावर बोलतो. एक दिवस ती पुडी घरी ठेवून पाहा, संध्याकाळपर्यंत आजचा विषय माझ्यापेक्षा चांगला समजेल.

 आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताई-माईंनी आधी विचारावं.